घड्याळाखालचं पाकीट

साउथफील्ड्स, लंडन
९ जून

प्रिय क्लॅरी,

आधी बसून घे, मग वाच. तुझ्या नातीला विम्बल्डनच्या पात्रता फेरीत जागा मिळालीय! काल नेव्हिलचा फोन आला. तुझा मुलगा एरवी वाढदिवसालाही चार शब्दांवर बोलत नाही, काल मात्र ढसाढसा रडत होता. एकोणीस वर्षांची पोर, क्लॅरी! मला अजून ती आपल्या मांडीवर दूध ओकायची तीच आठवते.

तीन सामने जिंकायचे. तीनही जिंकली तर मुख्य स्पर्धेत, त्या हिरव्या कुंपणाच्या आत. सामने रोहॅम्प्टनला आहेत, माझ्या घरापासून बसने वीस मिनिटं. म्हणून ती माझ्याकडेच उतरणार. मागची खोली तिला देतेय. पुढची खोली दरवर्षीसारखी प्रीविटसाहेबांची. तेच ते, रेषेवर उभे राहून चेंडू आत की बाहेर ते ओरडून सांगणारे. सतरा वर्षं उतरतायत माझ्याकडे, आणि अजून लोणी कापताना परवानगी विचारतात.

फोन करणार होते. पण फोनवर तुला दहातले सात शब्द ऐकू येत नाहीत, उरलेले तीन तू उलटे घेतोस. म्हणून पत्र. तूही लिही, हात झडले नाहीत ना तुझे?

आज आयव्ही असायला हवी होती रे.

तुझी बहीण,
म्युरिएल

टॉडमॉर्डन
१२ जून

प्रिय म्युरिएल,

पत्र तीनदा वाचलं. नंतर परसात जाऊन रुबार्बच्या वाफ्यापाशी उभा राहिलो आणि एकटाच हसत सुटलो. शेजारच्या बाईने खिडकी लावून घेतली.

आता एक गुपित सांगतो. दहा वर्षं पोटात ठेवलंय. आयव्ही सोडून कुणाला माहीत नाही.

हेटी नऊ वर्षांची होती. बागेतल्या कोर्टाच्या भिंतीवर चेंडू मारत असायची. एक दिवस मी मोजायला बसलो. शंभर, दोनशे, तीनशे, चेंडू काही खाली पडेना. मी म्हटलं, क्लॅरेन्स, चाळीस वर्षं घोड्यांवर पैसे लावलेस, खरं जनावर तर घरातच आहे! म्हणून वीस पौंड काढले आणि कागदावर लिहिलं: हेटी थ्वेट, एकवीस वर्षांची व्हायच्या आत विम्बल्डनच्या मुख्य स्पर्धेत खेळेल. अशी पैज दुकानं घेतात. मॅनेजर वरच्या ऑफिसला फोन करून भाव विचारतो, झालं.

पण तेव्हा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पलंगावरून उठता येईना. आणि जायचं कुणी? आयव्हीने! चॅपेलमध्ये दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारी बाई, लग्नाच्या सदतीस वर्षांत माझ्या पैजेच्या दुकानाच्या फुटपाथवरूनही गेली नव्हती, पलीकडून जायची. तिला मी तासभर विनवलं. शेवटी टोपी घालून निघाली. दोन तासांनी आली ती पाकीट बंद करूनच घेऊन आली. म्हणाली, ‘‘घेतली त्यांनी. एकाला पाचशेचा भाव. आता माझं डोकं खाऊ नकोस.’’

पाकीट मी आईच्या घड्याळाखाली ठेवलं. तुला माझी सवय माहीत आहे. निकाल लागेपर्यंत पैजेच्या चिठ्ठीकडे मी ढुंकून बघत नाही. बघितली की हरलीच. एकदा बघितली होती, त्या दिवशी घोडा पहिल्या कुंपणाशीच बसला. तर दहा वर्षं ते पाकीट तिथंच आहे. आयव्हीही तिथून कधी हलवू द्यायची नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाली होती, ‘‘त्या पाकिटाची वेळ आली तर माझ्यावर रागावू नकोस हं.’’ बिचारी! आयुष्यात एकदा पैज लावायला गेली ते पाप तिला शेवटपर्यंत टोचत होतं.

दहा हजार पौंड होतात, म्यू. नेव्हिलने पोरीच्या प्रवासापायी व्हॅन विकली. तिला पुढचं अख्खं वर्ष जगभर खेळता येईल. ती मुख्य स्पर्धेत पोचली की तिच्या हातात पाकीट ठेवणार आणि तिचं तोंड बघणार. तोवर तू तोंडाला कुलूप लाव.

क्लॅरेन्स

साउथफील्ड्स
१५ जून

क्लॅरेन्स,

तू हे काय करून बसलायस!

तुझं पत्र आलं तेव्हा प्रीविटसाहेब समोर टोस्ट खात होते. यंदा लवकर आलेत. मी सहज, म्हणजे अगदी सहजच विचारलं की माझ्या एका मैत्रिणीच्या ओळखीचा एक माणूस आहे, त्याची नात टेनिस खेळते, त्याने जर तिच्यावर पैज लावली असेल तर? त्यांनी टोस्ट खाली ठेवला. सतरा वर्षांत त्यांनी टोस्ट अर्धा ठेवलेला मी पाहिला नव्हता.

म्हणाले, खेळाडूच्या घरच्यांनी टेनिसवर एक पेनीसुद्धा लावायची नाही. आई, बाप, आजोबा, मावशी, कुणीही. स्वतःच्या पोरीवर तर नाहीच नाही. कळलं तर चौकशी लागते, आणि खेळाडूवर बंदी येऊ शकते. शिवाय खेळाडूला ते माहीत असून तिने सांगितलं नाही, तर तोही गुन्हा. मी चहा ओतायला गेले तो दुधाच्या भांड्यातच ओतला.

ती जिंकली तर तुझी पैज जिंकली. म्हणजे पोरीने आयुष्यात सगळ्यात मोठं काही केलं की त्याच क्षणी तिचा आजोबा तिच्या गळ्यात धोंडा बांधणार. कळतंय का काही? ते पाकीट जाळ. आजच जाळ.

म्युरिएल

टॉडमॉर्डन
१८ जून

म्युरिएल,

उगीच आरडाओरडा करू नकोस. पैज लावली तेव्हा हेटी दुधाचे दात पडायच्या वयाची होती. तेव्हा कसला खेळाडू आणि कसला नियम? तुझा तो लोणीवाला साहेब रेषेवर उभा राहतो, कायदेपंडित नव्हे.

आणि जाळून काय होणार? पैज चिठ्ठीत नसते, दुकानाच्या नोंदीत असते. माझ्याकडची राख झाली तरी त्यांच्या वहीत माझं नाव आणि पोरीचं नाव शेजारी शेजारी राहणारच. एवढं तरी चाळीस वर्षांत शिकलोय.

मी माझ्या नातीचं वाईट करीन असं तुला वाटलंच कसं?

क्लॅरेन्स

ता.क. तरी त्यांना एकदा नीट विचार. मैत्रिणीचं नाव सांगून.

साउथफील्ड्स
२१ जून

प्रिय क्लॅरी,

विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मैत्रीण कोण ते त्यांना केव्हाच कळलंय. पण भला माणूस, नाव विचारलं नाही. म्हणाले, पैज कधी लावली ते नंतर बघतील, आज ती जिवंत आहे का ते आधी बघतील. आणि असल्या अजब पैजेचे पैसे मागायला कुणी गेलं की ते पेपरात छापून येतं, दुकानंच फोटो काढून पाठवतात. त्यांचा सल्ला असा की त्या माणसाने स्वतः दुकानात जावं, काय आहे ते सांगावं आणि लेखी रद्द करून घ्यावं. सामने सुरू व्हायच्या आत.

काल हेटी आली. केवढी उंच झालीय! मोज्यांच्या सहा जोड्या माझ्या रेडिएटरवर वाळतायत, सकाळी वाडगाभर लापशी खाते आणि भांडं स्वतः घासते. आल्या आल्या तिने मला एक कागद दाखवला. सगळ्या खेळाडूंना पैजेबद्दलचा धडा वाचून सही करावी लागते म्हणे. हसत म्हणाली, ‘‘म्युरिएल आजी, तूही टेनिसवर पैसे लावायचे नाहीस हं. आजोबांचं बरं आहे, ते घोड्यांच्या पलीकडे जात नाहीत.’’

मी उठून किटली चुलीवर ठेवली, पाणी न घालताच.

तिला मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिला वरती कळवावं लागेल, मग ती खेळणार कशी? आणि नाही सांगितलं तर आपण दोघं म्हातारे तिच्यापासून लपवतोय. दोन्हीकडून वाईटच. जा रे त्या दुकानात. हात जोडते.

तुझी,
म्यू

टॉडमॉर्डन
२६ जून

प्रिय म्यू,

गेलो होतो. शनिवारी कोट घातला, पाकीट आतल्या खिशात ठेवलं, दुकानाच्या दारापर्यंत गेलो. आत पाय पडेना. चाळीस वर्षं त्या दारातून मी शीळ वाजवत शिरलोय! परत आलो. पाकीट पुन्हा घड्याळाखाली ठेवलं.

का परत आलो ते खरं सांगतो. रद्द करायला गेलो की नाव सांगावं लागणार. दुकान वर कळवणार. वरचे आणखी वर कळवणार. म्हणजे तिचा सामना चालू असताना मीच तिच्या मागे चौकशी लावायची. मग डोक्यात असं आलं की ती हरलीच तर? हरली तर पैज तशीच पडून राहील. कुणी काही विचारणार नाही. मग सावकाश रद्द करता येईल.

सोमवारी तिचा पहिला सामना होता. नेव्हिलने फोनवर ओरडून सांगितलं, जिंकली. आणि म्युरिएल, सांगायला लाज वाटते. मी मनात म्हणत होतो, हर गं बाई. भिंतीवर तीनशे चेंडू मोजणारा मी! माझ्याच नातीने हरावं म्हणून मी बसलोय. आयव्हीच्या फोटोकडे बघवत नाही. असला आजोबा कुणाला मिळू नये.

क्लॅरेन्स

साउथफील्ड्स
२७ जून

प्रिय क्लॅरी,

हे पत्र उद्या सकाळी तुला मिळावं म्हणून धावत जाऊन पेटीत टाकतेय, घरातल्या चपला घालूनच.

दुसरा सामनाही जिंकली. पहिला डाव गेला होता, तरी जिंकली. उद्या सकाळी अकराला तिसरा. तो जिंकली की आत.

तू स्वतःला लाथा घालणं थांबव. ती हरावी असं तुला वाटत नाही, तिच्यावर संकट येऊ नये असं वाटतं. डोक्यात दोन्ही एकच होऊन बसलंय तुझ्या. लहानपणी मी झाडावर चढले की तू खालून ओरडायचास, ‘‘पड एकदाची, म्हणजे मला धास्ती नको!’’ आठवतं? तसाच आहेस अजून.

काल रात्री जेवताना तिने विचारलं, ‘‘आजोबा का येत नाहीत?’’ मी म्हटलं, गुडघा. ती म्हणाली, ‘‘मला वाटलं, मी हरेन म्हणून येत नाहीत.’’ आणि मान खाली घालून बटाटे चिवडत बसली. आता काय ते तूच ठरव. मी सांगायची थकले.

म्यू

टॉडमॉर्डन
२९ जून

प्रिय म्युरिएल,

तुझं पत्र काल सकाळी दहाला पडलं. ‘‘मी हरेन म्हणून येत नाहीत.’’ हे वाचलं आणि घड्याळ उचलून पाकीट घेतलं. कोट घालायलाही थांबलो नाही.

दुकानात गर्दी नव्हती. काउंटरवर नसरीन होती. ही इथं सहा वर्षं आहे, माझे पडलेले घोडे सगळे तिला नावानिशी पाठ आहेत. मला बघून म्हणाली, ‘‘मिस्टर थ्वेट, बरं नाही का? चेहरा केवढासा झालाय. बसा, चहा देते.’’ मी म्हटलं, चहा नको, आधी माझं ऐक. आणि सगळं सांगितलं. काचेच्या अलीकडे उभा राहून, गुडघा, आयव्ही, हेटी, दहा वर्षं, सगळं. मधे मधे डोळे पुसत होतो, त्याचं काही वाटलं नाही. नातीला काही होऊ देऊ नका, माझं काय करायचं ते करा, असंही म्हटलं. ती एकदाही हसली नाही.

मग तिने मशीनवर शोधलं. माझं नाव टाकलं, हेटीचं टाकलं, वर्ष टाकलं. वरच्या ऑफिसला फोन केला. अशा जुन्या पैजांची वेगळी यादी असते म्हणे. तीन तास गेले. भिंतीवरच्या पडद्यावर एकीकडे घोडे, दुसरीकडे आकडे. आणि त्या आकड्यांत मला एकदम ‘थ्वेट’ दिसलं! हेटीचा सामना सुरू झाला होता. पैजेच्या दुकानाच्या पडद्यावर माझ्या नातीचं नाव. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

नसरीन फोन ठेवून आली. म्हणाली, ‘‘मिस्टर थ्वेट, आमच्याकडे अशी पैज नाही.’’

मी म्हटलं, आहे. पाकीट माझ्याकडे आहे.

‘‘मग बघू या ना पाकिटात काय आहे ते.’’

मी म्हटलं, निकालाआधी मी चिठ्ठी बघत नाही.

‘‘अहो, तुम्हाला ती जिंकायची आहे की रद्द करायची आहे?’’ असं म्हणाली ती, आणि बरोबरच म्हणाली. मी पाकीट फोडलं. कागद तिनेच उलगडला. पैजेची चिठ्ठी नव्हती ती, म्यू. पावती होती. तशीच इथं उतरून देतो:

‘मिसेस आय. थ्वेट यांच्याकडून वीस पौंड मिळाले. हेटी थ्वेट, वय नऊ, हिच्या शनिवारच्या टेनिस शिकवणीचे, संपूर्ण उन्हाळा. पी. ऑग्डेन.’

ही ऑग्डेन म्हणजे बागेत पोरांना शिकवायची ती शिटीवाली बाई. आणि मागच्या बाजूला पेन्सिलने, आयव्हीच्या त्या तिरक्या अक्षरात:

‘क्लॅरेन्स, दुकानाच्या दारापर्यंत गेले होते. आत पाय पडेना. पैसे तुला परत द्यायला निघाले तर वाटेत बाग लागली, आणि पोर भिंतीवर चेंडू मारत होती. तू चिठ्ठी बघत नाहीस ते एक बरं आहे. भाव मी मनाचाच सांगितलाय. रागावू नकोस.’

पहिला उन्हाळा तिने हेटीला फुकट शिकवलं, असं आम्ही सगळे समजत होतो! ऑग्डेनबाई किती उदार, असं मी गावभर सांगत फिरलोय. ती समोर आली की टोपी काढायचो. आयव्ही शेजारी उभी राहून गप्प.

मी दुकानाच्या स्टुलावर बसलो आणि हसायला लागलो, हसताना रडायला लागलो. जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! पैज नाही. कधी नव्हतीच. वहीत नाव नाही, चौकशी नाही, धोंडा नाही, काही नाही. ‘‘हे असं लेखी देऊ का?’’ नसरीनने विचारलं. मी म्हटलं, दे बाई, शिक्का मारून दे. दिलं तिने.

आणि मग मी पडद्याकडे बघितलं. तिसरा डाव, पाच-चार, हेटी पुढे. काय ओरडलो मी! नसरीन ओरडली, कोपऱ्यातला कुत्र्यांच्या शर्यतीवाला म्हातारा कशाला ते न कळता ओरडला. पडद्यावर आकडा बदलला, सहा-चार. आत गेली, म्यू! पोर आत गेली! आणि दहा हजार पौंड गेले, तर त्याचं दुःख मला साधारण पायऱ्या उतरेपर्यंत झालं.

उद्याच्या गाडीने येतो. मला झोपायला बाकडं दिलंस तरी चालेल.

क्लॅरी

(साउथफील्ड्सच्या घरी, प्रीविटसाहेबांच्या दाराखालून सरकवलेली चिठ्ठी)
३० जून

प्रीविटसाहेब,

त्या माझ्या मैत्रिणीच्या ओळखीच्या माणसाचं सगळं नीट झालं. पैज नव्हतीच, दुकानाचा शिक्का आहे. तो माणूस आज संध्याकाळी इथं जेवायला येतोय, कृपया त्याला ओळखू नका. खिम्याची पाई आणि मटार आहे. लोणी हवं तेवढं घ्या, विचारू नका.

मिसेस म्युरिएल लँगस्टाफ

टॉडमॉर्डन
६ जुलै

प्रिय म्युरिएल,

घरी सुखरूप पोचलो. आपल्या शेजारी बसलेल्यांची माफी मागायची राहिली. पण कोर्ट नंबर सोळावर एवढं ओरडू नये, असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

मुख्य स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात सात-पाच, तिसऱ्या डावात. एवढ्याशाने गेलं गं! प्रत्येक चेंडूला मला वाटत होतं, जिंक, जिंक, आता तरी जिंक. ती हरली तेव्हा माझा जीव कळवळला, आणि खरं सांगू, ते कळवळणंसुद्धा बरं वाटलं. आठवडाभर मला ते नीट जमलं नव्हतं.

तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा मी हेटीला सगळं सांगितलं. तू हरावंस म्हणून बसलो होतो, तेही तिला सांगितलं. तिने पावती वाचली, मागची बाजू वाचली, मग पुन्हा पुढची. म्हणाली, ‘‘त्या उन्हाळ्यात आजी दर शनिवारी कुंपणापाशी विणकाम घेऊन बसायची. मला वाटायचं, तिला टेनिस आवडतं.’’ मी म्हटलं, तिला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पावती तिने मागून घेतली. रॅकेटच्या बॅगेत, मोज्यांच्या आतल्या कप्प्यात ठेवलीय.

घरी येऊन बघतो तर आईचं घड्याळ बंद. किल्ली दिली, हलवलं, पुन्हा बंद. मग लक्षात आलं, ती फळी एका बाजूला कललेली आहे, आणि दहा वर्षं ते पाकीटच घड्याळाला सरळ धरून होतं.

म्हणून काल बागेत गेलो. ऑग्डेनबाई आता नाही, तिची पुतणी शिकवते. तिला म्हटलं, एका मुलाची उन्हाळ्याची शिकवणी माझ्याकडून. ‘‘कुणाची?’’ म्हणाली. मी म्हटलं, ज्याला भरता येत नाही त्याची, नाव मला सांगू नकोस. तिने पावती लिहिली. मी तोंड दुसरीकडे करून पाकिटात घालायला लावली, घरी आणली, घड्याळाखाली सरकवली.

नाव वाचलेलं नाही. घड्याळ चालू आहे.

तुझा,
क्लॅरी